कळसाला हात न लावता सोलर: देऊळ, दर्गा, चर्च आणि स्मारकांसाठी मार्गदर्शक

चैत्रातली यात्रा, दुपारी दीडची वेळ. महाप्रसादाच्या पंगती बसलेल्या. वर ऊन रणरणतंय, सभामंडपाच्या स्लॅबवर अठरा पॅनेल चकाकताहेत, आणि खाली माईक बंद, पंखे बंद, बोअरची मोटर बंद. महावितरणची लाईन गेली आणि तिच्याबरोबर आमचं सोलरही गेलं. सगळं गाव विश्वस्तांकडे बघत होतं आणि विश्वस्त माझ्याकडे, कारण कोटेशनवर सही करताना "तांत्रिक बाजू बघायला" म्हणून मला बसवलं होतं. ग्रिडला जोडलेला साधा सोलर इन्व्हर्टर, म्हणजे पॅनेलची वीज लाईनच्या विजेसारखी करून देणारं यंत्र, लाईन गेली की मुद्दाम बंद होतो. खांबावर काम करणाऱ्या वायरमनला उलट्या दिशेने शॉक बसू नये म्हणून ती सोय असते. हे मला माहीत होतं. मंडळींना सांगायचं मात्र राहून गेलं.

दुसरी चूक त्याहून मोठी होती. सहा फुटी लोखंडी पायांवर उभे केलेले ते पॅनेल नेमके शिखराच्या पुढ्यात आले. पारावर बसून रोज कळसाला हात जोडणारी एक आजी म्हणाली, "आता नमस्कार कुणाला करायचा, काचेला?" पुढच्या दोन वर्षांत आम्ही ते सगळं उतरवून नव्याने केलं. नंतर आसपासच्या गावांतल्या देवळांसाठी, एका दर्ग्यासाठी आणि एका स्मारकासाठी बैठका झाल्या, तिथेही मी बसलो. त्यातून जे हाती लागलं ते इथे क्रमाने लिहितो.

आधी बिल, मग छप्पर

गेल्या बारा महिन्यांची वीजबिलं समोर ठेवा. एका महिन्याचं बिल पाहून काही कळत नाही, कारण देवळाचा खप सणावारी उसळतो आणि आषाढात झोपतो. बिलावरचे दोन रकाने नीट वाचा: दर कोणत्या वर्गाचा लागलाय आणि मंजूर भार किती आहे. केवळ पूजेअर्चेसाठी वापरल्या जाणाऱ्या जागेला महाराष्ट्रात घरगुती वर्गाचा दर लागतो, पण भाड्याने दिलं जाणारं मंगल कार्यालय किंवा दुकानगाळे व्यापारी दरात जातात. बऱ्याच ट्रस्टांकडे दोन-तीन मीटर असतात. महागडा दर ज्या मीटरला आहे, तिथे सोलर जोडलं तर पैसे लवकर फिटतात. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे दिवसाची जादा वीज ग्रिडला देऊन ती बिलातून वजा करून घेण्याच्या सोयीत, मंजूर भारापेक्षा जास्त क्षमतेचं सोलर बसत नाही, म्हणून भार वाढवायचा असेल तर तो अर्ज आधी करा.

घरांच्या छपरांसाठी केंद्राची जी पीएम सूर्यघर योजना आहे, तिचं अनुदान देवळाला मिळवून देतो असं कुणी म्हणालं, तर त्याला चहा पाजून वाटेला लावा.

मग खप कोणत्या वेळेला होतो ते लिहून काढा. देवळात काकड आरती पहाटे, शेजारती रात्री, म्हणजे विजेची मुख्य गरज ऊन नसताना. मशिदीत वजूच्या पाण्याची मोटर दिवसभरात अनेकदा चालते, चर्चचा भर रविवारी सकाळी. देवळाला नेट मीटर नसेल तर दुपारची वीज वाया जाईल. मोटर दिवसा चालवण्याची शिस्त लावली, टाकी दुपारी अकरा ते तीनमध्ये भरून घेतली, तर नेट मीटरवरचं अवलंबित्व कमी होतं.

अंदाजासाठी ढोबळ गणित असं: आपल्याकडे १ किलोवॉटचे पॅनेल वर्षभराच्या सरासरीने रोज सुमारे ४ युनिट देतात. पावसाळ्यात कमी, मार्च-एप्रिलमध्ये जास्त. आजकालचा ५५० वॉटचा पॅनेल साधारण साडेसात फूट लांब, पावणेचार फूट रुंद आणि २७-२८ किलो वजनाचा असतो.

सावली आणि कळस एकाच दिवशी मोजा

देवळाच्या छपरावरचा सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे देवळाचंच शिखर. पॅनेल एकामागोमाग एक, माळेसारखे जोडलेले असतात. माळेतल्या एकावर सावली पडली तर त्याचा फटका शेजाऱ्यांनाही बसतो. कळसाची किंवा ध्वजाची बोटभर सावलीही चालत नाही, आणि ध्वज तर दिवसभर हलत असतो.

बहुतेक देवळं पूर्वाभिमुख. म्हणजे गाभारा आणि शिखर पश्चिमेला, सभामंडप पूर्वेला. दुपारी सूर्य पश्चिमेकडे कलला की शिखराची सावली थेट सभामंडपाच्या स्लॅबवर. कंत्राटदाराला मात्र हाच सपाट स्लॅब आधी दिसतो. आमच्या अठरापैकी सात पॅनेल तीन वाजल्यानंतर निम्म्याहून कमी वीज देत होते.

सर्वांत लांब सावली डिसेंबरअखेरीस पडते. पुण्याच्या अक्षांशावर २१-२२ डिसेंबरच्या सुमारास माध्यान्ही सावली वस्तूच्या उंचीच्या ०.९ पट असते आणि उत्तरेला पडते. तीन तास आधी किंवा तीन तास नंतर ती १.८ पट होते. चाळीस फुटी शिखर असेल तर माध्यान्ही ३६ फूट उत्तरेला, दुपारी सत्तर फूट ईशान्येला आणि सकाळी तेवढीच वायव्येला. ईशान्येला वजन ठेवू नका म्हणणाऱ्या गुरुजींचं आणि सूर्याचं गणित इथे आयतं जुळतं, वाद घालत बसू नका. उन्हाळ्यात, मे महिन्यात सूर्य अगदी डोक्यावर येतो त्या शून्य सावलीच्या दिवसाच्या आसपास, सगळंच छप्पर उन्हात न्हालेलं दिसतं. त्या दिवसांत पाहणी करून गेलेल्या माणसाच्या आराखड्यावर विसंबू नका.

डिसेंबरात एक सुट्टीचा दिवस काढा. नऊ, बारा आणि तीन वाजता छपरावर आणि आवारात सावलीच्या कडा खडूने आखा. त्याच दिवशी दुसरं मोजमाप करा: वेशीतून, पारावरून, एसटी थांब्यावरून, नदीच्या घाटावरून कळस कुठून कुठून दिसतो. ज्याला आत जाता येत नाही तो कळसाचं दर्शन घेऊन वळतो. पंढरीत गर्दीमुळे पायरीपर्यंतही न पोहोचलेला वारकरी कळसाला हात जोडून समाधानाने परततो. म्हणजे आपल्याकडे शिखराकडे जाणारी नजरेची रेघ हीसुद्धा पूजेचाच भाग आहे. कागदावर आवाराचा नकाशा काढून त्यावर सावलीचे पट्टे आणि या रेघा अशा दोन्ही आखल्या, की उरलेली जागा आपोआप दिसते. बहुतेक वेळा ती दक्षिणेला असते आणि देवळावर नसते, देवळाभोवती असते.

पॅनेलला दुसरं काम द्या

आपल्याकडे पॅनेल म्हणजे छपरावर लादलेली वस्तू असंच धरतात, म्हणून ते कुरूप दिसतात. त्यांनाच छप्पर होऊ द्या. दर्शनरांगेवर आजही पत्रा असतो, उन्हाळ्यात खाली भट्टी. वीस फूट रुंद, साठ फूट लांब अशा रांगेच्या मंडपावर सुमारे ३५ पॅनेल बसतात, म्हणजे १९ किलोवॉट. पत्र्याचा खर्च वाचतो, भाविकांना सावली मिळते आणि वीज त्यावर. दोन्ही बाजूंनी काच असलेले पॅनेल घेतले तर वीज बनवणाऱ्या काळ्या चकत्यांमधल्या, म्हणजे पेशींमधल्या, फटींतून कवडसे खाली उतरतात, पिंपळाखाली उभं राहिल्यासारखं वाटतं. आमच्या नव्या मंडपाचं हेच रूप आहे, आणि आजीने ते पास केलं. फक्त सांध्यांतून पावसाचं पाणी गळतं, म्हणून प्रत्येक सांध्याखाली पन्हळ आणि रबरी पट्टी आधीच कोटेशनमध्ये घाला. उतार निदान दहा अंशांचा ठेवा, नाहीतर धूळ वाहून जात नाही.

दुरुस्ती कधी करायची हेही महत्त्वाचं. व्हॅटिकनमध्ये पोपच्या सभागृहाचं छप्पर पिएर लुइजी नेर्वी या अभियंत्याने रचलं होतं. त्यावरच्या काँक्रीटच्या फरश्या जीर्ण झाल्या तेव्हा २००८ मध्ये त्यांच्या जागी सुमारे २४०० सौर पॅनेल आले, मूळ लाटेचा आकार तसाच ठेवून. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजचं चॅपल पाच शतकं जुनं आहे. त्याच्या छपराचं शिसं बदलायचंच होतं, तेव्हा २०२३ मध्ये ४३८ पॅनेल बसले. वादही झाला, पण छपराच्या कठड्यामुळे रस्त्यावरून ते फारसे दिसत नाहीत. तुमच्याकडेही वॉटरप्रूफिंग किंवा कौलं बदलण्याचं काम निघणार असेल, तर सोलर त्याच्याबरोबर धरा. नवं वॉटरप्रूफिंग करून सहा महिन्यांत त्याला भोकं पाडणारे ट्रस्ट मी पाहिले आहेत.

कोकणात आणि गोव्यात उतरती कौलारू छपरं असतात, त्यांची मजा निळ्या काचेने जाते. इटलीत पोंपेईच्या उत्खननात काही प्राचीन घरांवर मातीच्या कौलांसारखी दिसणारी सौर कौलं घातली आहेत, शेजारून गेलात तरी ओळखू येत नाहीत. पण कौलाचा रंग पॅनेलच्या काळ्या-निळ्या रंगापासून जितका दूर जातो तितकी वीज घटते आणि दर वाढतो. मुख्य देवळाच्या कौलांना हात लावू नका, शेजारच्या अग्रशाळेच्या (देवळाच्या धर्मशाळेच्या) किंवा भक्तनिवासाच्या मागच्या उतारावर साधे काळे पॅनेल छपराला समांतर बसवा. रुपेरी चौकट नको, काळी चौकट मागा. एवढ्यानेच निम्मं काम होतं.

पॅनेलला थेट कला करणारेही आहेत. कॅनडातल्या सास्काटून इथल्या होली फॅमिली कॅथेड्रलच्या रंगीत काचेच्या खिडक्यांत सारा हॉल या कलावतीने सौर पेशी बसवल्या आहेत. तशी वीज थोडी मिळते, किंमत फार. पण दीपमाळेच्या पायथ्याशी किंवा समाधीच्या छत्रीत एखादी अशी काच लावून त्यातून आलेल्या विजेवर रात्रीचा नंदादीप लावायला काय हरकत आहे? इथे युनिटं मोजू नका. मोजायचीच असतील तर पार्किंगवर मोजा.

स्मारकांचा आणि स्मशानांचा प्रश्न थोडा वेगळा. बार्सिलोनाजवळच्या सांता कोलोमा दे ग्रामेनेट या दाट वस्तीच्या शहरात मोकळी, उन्हाची जागा एकच होती, दफनभूमी. तिथे मृतदेह भिंतीतल्या कोनाड्यांत ठेवतात. त्या भिंतींच्या माथ्यावर २००८ मध्ये ४६२ पॅनेल बसले. तिथल्या लोकांना आधी ते मृतांचा अपमान वाटलं, मग समजावून सांगितलं गेलं, आणि पॅनेल इतके सपाट बसवले की खालून जाणाऱ्याला जाणवू नयेत. आपल्याकडच्या स्मशानशेडवर मात्र बसवू नका, चितेची काजळी काचेवर चढते. बाजूच्या शोकसभेच्या निवाऱ्यावर, वाऱ्याची दिशा पाहून बसवा.

१९८० च्या दशकात राज्यात ठिकठिकाणी हुतात्मा स्मारकं बांधली गेली. त्यांतली कित्येक बिल थकल्यामुळे अंधारात असतात. तिथे तीन किलोवॉट पुरे. स्तंभाच्या माथ्यावर काही नको, वाचनालयाच्या खोलीच्या छपरावर ठेवा, आणि रात्री नावांच्या शिळेवर खालून एक सौम्य दिवा. त्या दिव्याला छोटी बॅटरी द्या, कारण स्मारक रात्रीच्या रस्त्यावरून दिसलं पाहिजे.

जुनं देऊळ असेल तर थांबा

हेमाडपंती किंवा त्याहून जुनं बांधकाम असेल तर पहिला प्रश्न: ते संरक्षित आहे का, आणि कुणाकडे? अंबरनाथचं शिवमंदिर किंवा सिन्नरचं गोंदेश्वर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडे आहे. अशा राष्ट्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम निषिद्ध आणि त्यापुढच्या २०० मीटरपर्यंत परवानगीने, असं १९५८ च्या कायद्यातली २०१० ची दुरुस्ती सांगते. राज्य संरक्षित स्मारकांसाठी वेगळा, १९६० चा कायदा आहे. पॅनेल म्हणजे बांधकाम नव्हे असा युक्तिवाद करून कामाला लागू नका, पायांसाठी घातलेला एक काँक्रीटचा ठोकळाही अडचणीत आणतो. आधी पत्र, मग काम.

गुजरातेतल्या मोढेरा गावाने यातून सुंदर वाट काढली. अकराव्या शतकातलं सूर्यमंदिर तिथे आहे. २०२२ मध्ये गाव चोवीस तास सौर विजेवरचं म्हणून जाहीर झालं. पॅनेल गेले हजाराहून जास्त घरांच्या छपरांवर, ६ मेगावॉटचा प्रकल्प शेजारच्या सुजाणपुरा गावच्या जमिनीवर, आणि साठवणीसाठी बॅटऱ्या. मंदिराच्या दगडावर संध्याकाळी जो प्रकाशपट दाखवतात तो याच विजेवर चालतो. तुमच्या देवस्थानाची इनाम जमीन असेल तर हा मार्ग मोकळा असू शकतो, मात्र इनामाच्या अटी आणि सातबारा वकिलाला दाखवूनच.

संरक्षित नसलेल्या जुन्या दगडी छपरावरही भोकं पाडायची नाहीत. भार टाकायचा असेल तर स्ट्रक्चरल इंजिनीअरचा लेखी दाखला हवा. चुन्यातल्या जुन्या छपराचा मला तरी भरवसा वाटत नाही, जमिनीवरचा मंडपच बरा.

ट्रस्टचे कागद

हा भाग कंटाळवाणा आहे, पण इथेच कामं अडकतात. सभेचा ठराव, तीन कोटेशनं, अंदाजपत्रकात तरतूद. कर्ज काढायचं असेल तर महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० च्या कलम ३६अ खाली धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. काही कंपन्या स्वतःच्या पैशाने पॅनेल बसवून पंचवीस वर्षं तुम्हाला वीज विकायचा करार मांडतात. ऐकायला फुकट वाटतं. पण त्यात छपराचा दीर्घ भाडेपट्टा लपलेला असतो, आणि तीन वर्षांपेक्षा लांब भाडेपट्ट्याला कलम ३६ आडवं येतं. करार वकिलाला दाखवल्याशिवाय अध्यक्षांनी पेन उघडू नये.

कोटेशनमध्ये हे लिहून घ्या

लाईन गेल्यावर काय चालू राहणार, हा पहिला प्रश्न. सगळं चालू ठेवायला बॅटरीचा खर्च परवडत नाही. गाभाऱ्याचे दिवे, माईक, सीसीटीव्ही, चार पंखे आणि काही ट्यूब मिळून साधारण ८५० वॉट होतात. चार तासांसाठी साडेतीन युनिट. हायब्रीड इन्व्हर्टर (लाईन गेल्यावरही बॅटरीवर चालणारा) आणि पाच युनिटांची लिथियम बॅटरी याला पुरते. ही वायरिंग वेगळ्या डीबीतून, म्हणजे स्विचच्या वेगळ्या पेटीतून, काढावी लागते, आणि ते काम भिंती रंगवून झाल्यावर सांगितलं तर वैताग येतो.

सावली टाळता येतच नसेल तर तेवढ्या पॅनेलना स्वतंत्र मायक्रोइन्व्हर्टर किंवा ऑप्टिमायझर मागा, म्हणजे एकावरच्या सावलीचा फटका बाकीच्यांना बसत नाही. सांगाड्याचं वाऱ्याचं गणित आयएस ८७५ भाग ३ या भारतीय मानकाप्रमाणे करून सहीनिशी द्या म्हणावं, डोंगरावरच्या देवळांना हे फार गरजेचं. किनाऱ्यावर असाल तर खाऱ्या हवेची चाचणी, आयईसी ६१७०१, पास झालेले पॅनेल आणि हॉट-डिप गॅल्व्हनाइझ्ड (वितळलेल्या जस्तात बुडवून काढलेला) सांगाडा. आकाशातली वीज जमिनीत नेणाऱ्या लायटनिंग अरेस्टरला वेगळी अर्थिंग, एसी (लाईनच्या) आणि डीसी (पॅनेलच्या) बाजूला वेगळ्या. कळसावरून उतरलेल्या, त्याच कामाच्या तांब्याच्या पट्टीच्या शेजारून पॅनेलची केबल कधीही नेऊ नका. आणि डीसी केबल होमकुंड, दीपमाळ, कापूर पेटवण्याची जागा यांच्यापासून दूर, लोखंडी नळीतून. त्या तारेत शेकडो व्होल्ट असतात आणि ऊन असेपर्यंत ते बंद करता येत नाहीत.

अन्नछत्रासाठी काच नको, आरसा

गॅसचं बिल विजेच्या बिलाहून मोठं असेल तर पॅनेल हे चुकीचं औषध आहे. शिर्डीच्या प्रसादालयावर २००९ मध्ये ७३ मोठ्या तबकड्या बसल्या, प्रत्येक १६ चौरस मीटरची. वोल्फगांग शेफलर यांच्या रचनेच्या या आरशांच्या तबकड्या सूर्याबरोबर फिरतात, ऊन एका बिंदूवर आणून पाण्याची वाफ करतात, आणि त्या वाफेवर भात-डाळ शिजते. एवढा पसारा गावच्या देवळाला झेपणारा नाही. पण साधा सोलर वॉटर हीटर लावून भाताचं आणि डाळीचं आधणाचं पाणी गरम घेतलं तरी सिलिंडर लक्षणीय वाचतात. हे सांगताना मंडळी निराश होतात, कारण त्यात उद्घाटन करण्यासारखं काही नसतं.

भंडारा, गुलाल, कबुतरं, माकडं

शहरी मार्गदर्शिकेत हा भाग नसतो. जेजुरीसारख्या खंडोबाच्या ठिकाणी उधळलेला भंडारा किंवा जोतिबाच्या चैत्र यात्रेतला गुलाल विचारात घ्या. ही पूड दवाने ओली होऊन काचेवर बसली की नुसत्या पाण्याने हटत नाही. जिथे उधळण होते त्या टप्प्यात पॅनेल ठेवू नका, आणि यात्रा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे, काच थंड असताना, मऊ कापडाने पुसून घ्या. तापलेल्या काचेवर गार पाणी मारू नका. बोअरचं पाणी जड असेल तर पांढरे डाग राहतात, पावसाचं साठवलेलं वापरा. एरवी पंधरवड्यातून एकदा पुरे.

कबुतरं पॅनेलखाली घरटी करतात, म्हणून कडेने जाळी पहिल्याच दिवशी लावून घ्या. माकडांवर माझ्याकडे उपाय नाही. ती पॅनेलवर बसतात, ऊन खातात, कधी नारळाची करवंटी आपटतात. उघडी केबल ओढू नयेत एवढं बघा.

आणि देणगीदार. एका पॅनेलची देणगी ही कल्पना गावात झपाट्याने चालते, आमचा नवा मंडप त्यावरच उभा राहिला. पण नावाची पाटी मंडपाच्या खांबावर लावा, डोळ्यांच्या उंचीवर. आमच्याकडे एका हौशी देणगीदाराने रातोरात शिडी लावून काचेवरच पिवळ्या ऑइलपेंटने "कै. मातोश्रींच्या स्मरणार्थ" असं हातभर लिहिलं होतं. महिन्याअखेरीस त्या माळेची वीज का घसरली हे शोधायला दोन दिवस लागले, आणि रंग न ओरखडता काढायला तिसरा.